दाजी आणि समुद्राचं टायमिंग

हर्सूलच्या आमच्या दाजींना रात्री दोनला उठवून विचारा, नळाला पाणी कधी? तारीख, वार आणि आधी कोणती गल्ली, सगळं सांगतील. संभाजीनगरात रोज पाणी फक्त निवडणुकीच्या जाहीरनाम्यात येतं. त्यामुळे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला दाजी जावयासारखं जपतात. चहा वेगळा, दिवाळीचा डबा वेगळा. पाण्याच्या दोनच जाती ते मानतात : प्यायचं आणि वापरायचं. "मलिक अंबरनं सतराव्या शतकात खापरी नळातनं शहरात पाणी खेळवलं, तेही मोटार न लावता," हे वाक्य लग्नाच्या पंगतीतही येतं.

अशा माणसाला आम्ही कोकणात नेलं. बोटीतून खाडी ओलांडायची आणि हेदवीची बामणघळ बघायची, लेकराबाळांना सोपी सहल, असं ताईचं म्हणणं. दाजींनी डिकीत आधी 20 लिटरचे दोन जार चढवले, मग बॅगा.

"दाजी, कोकणात धो धो पाऊस पडतो."

"पडतो ना. मग मे महिन्यात टँकर कशाला लागतात?"

याला उत्तर नव्हतं.

दाभोळला गाडीसकट फेरीबोटीत चढलो. वाशिष्ठीची खाडी ओलांडली की पलीकडे धोपावे. पोरं डॉल्फिन शोधत होती. दाजींनी बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधली, खाली सोडली, भरून वर घेतली, उजेडात धरून गाळ पाहिला. मग करंगळी बुडवून जिभेला लावली.

"खारट आहे. वापरायला चालेल."

हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात ती घळ आहे. भरतीची लाट त्या अरुंद फटीत घुसते आणि पुढे जागा न उरल्यानं सरळ वर उसळते. आम्ही पोचलो ऐन ओहोटीला. तळाशी नुसतं बुळुक बुळुक. दाजींनी वाकून निदान केलं, "प्रेशरच नाही. वरच्या गल्लीनं मोटारी लावल्या असतील."

सरबतवाल्या आजी म्हणाल्या, "संध्याकाळी या, भरतीला."

"आज वार आहे का तुमचा?"

"वार कसला बाबा? रोज येतं. दोनदा."

दाजी मटकन खडकावर बसले. "सुट्टीच्या दिवशीपण?"

संध्याकाळी घळीत धाडकन आवाज झाला आणि पांढरा फवारा उंच उडाला. सगळे फोटो काढत होते. दाजी एकटेच ओरडत होते, "अरे, वाया चाललंय! बंद करा कोणीतरी!" ताईनं मागून शर्ट धरला, नाहीतर रिकामा जार घेऊन निघालेच होते.

समुद्राविषयी त्यांचं मत मात्र चांगलं झालं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, हे कळल्यावर म्हणाले, "उशीर होतो, पण सांगून होतो."

तेव्हा बामणघळ बघायला निघालात तर भरतीची वेळ आधी काढा आणि कडेला पोरं सोडू नका, कातळ निसरडा असतो. वेळ दाजींना विचारली तरी चालेल. व्हॉल्व्हवाल्याच्या नंबराखाली त्यांनी ती लिहून ठेवली आहे.