मध्यरात्रीचा रियाज

"काकू, काल रात्री उशिरापर्यंत तुमच्याकडे दिवा होता. बरं आहे ना सगळं?"

"न असायला काय झालंय? नातीनं मोबाइलवर ती लंडनची ऑर्गनवाली लावून दिली, ॲना लॅपवूड. एक संपलं की दुसरं. झोपच उडाली."

"ऑर्गन म्हणजे संगीत नाटकात असायचा तो?"

"छे गं! तो पेटीचा थोरला भाऊ. त्याला पाय मारायचे ते नुसती हवा भरायला. हिच्या पायांखाली पट्ट्याच असतात, खर्ज पायांनी वाजवते. तेही चमचमते बूट घालून! ती वाजवते तो लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला ऑर्गन १८७१चा. तेव्हा हवा भरायला वाफेचं इंजिन होतं. आणि नळ्या ९,९९९."

"एक लावून दहा हजार करायला काय झालं होतं?"

"मलाही तेच वाटलं बघ."

"पण असले ऑर्गन चर्चमध्ये असतात ना? वाजवणारा तर दिसतसुद्धा नाही."

"तेच तर! तो बसणार वर माळ्यावर, लोकांकडे पाठ करून. हिनं मोबाइल थेट स्वतःच्या पायांवर रोखला. दिवसा हॉल मोकळा नसतो, म्हणून रियाज मध्यरात्रीनंतर. ऐकायला पहारेकरी आणि सफाईवाले. २०२२च्या मे महिन्यात तिथे बोनोबोचे कार्यक्रम होते."

"हे कोण आणखी?"

"इलेक्ट्रॉनिक संगीतवाला. रात्री त्याची माणसं सामान आवरत होती, ही वाजवत होती. फर्माईश झाली म्हणून थोर संगीतकार बाखची टोकाटा ही रचना वाजवली, आणि लगेच बोलावणं, आमच्याबरोबर वाजवशील का! गच्च भरलेला हॉल, सगळी तरणी पोरं. २०२५मध्ये हॉलनं तिला पहिली अधिकृत ऑर्गनवादक नेमलं."

"पण ती सिनेमातलं वाजवते म्हणे?"

"वाजवते की, 'इंटरस्टेलर'चं. त्या सिनेमातच ऑर्गन आहे, लंडनच्या टेंपल चर्चमधला. भजनाला सिनेमाची चाल लावली की आपल्याकडे नाकं मुरडतातच. पण त्या चालीपायी दारातला माणूस आत येऊन बसतो, हेही मी पाहिलंय. आणि बाख तिनं सोडलाय थोडाच!"

"मलाही लिंक पाठवा."

"पाठवते. पण नात म्हणते, ३२ फुटी नळीचा खर्ज मोबाइलवर येतच नाही. तो तिथे बसल्या जागी अंगात शिरतो म्हणे."

"मग? लंडन?"

"पासपोर्ट कुठे टाकलाय, ते ह्यांना विचारायचंय. तू हा कढीपत्ता ने आधी."