भोकाचा पैसा

"वहिनी, सकाळी काय एवढा आरडाओरडा झाला हो?"

"काही नाही मावशी. देवाची भांडी घासायला बसले, तर ह्यांची चार तांब्याची नाणी टेबलावर दिसली. म्हणलं, चिंच आहेच हातात, टाकावीत उजळून. लख्ख केली, अन् हे आले तसे भडकलेच! म्हणे, त्या काळपटपणालाच गिऱ्हाईक असतं."

"कोणती, ढब्बू पैसे?"

"नाही, भोकाचे. लढाईतले. 1943 ला तांब्याची चणचण, काडतुसांना पुरेना. मग सरकारनं पैशाच्या मधोमध भोक पाडलं. राजाचं तोंडच गेलं, नुसता मुकुट उरला."

"अहो, माझ्या सासूबाईंनी आमच्या भावजींच्या करदोट्यात ओवला होता तसला! पण तो इंग्रजाचा पैसा. आपला जालना तर निजामाचा, इथं हाली शिक्का. मामंजी सांगायचे, इंग्रजाचे शंभर कलदार पाहिजेत तर एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली मोजा. हिशोबात कच्चा सापडला की सावकाराची दिवाळी."

"हालीचा चौकोनी आणा पण आहे ह्यांच्याकडं. आधी पांढरा यायचा, लढाईत तोही तांबूस केला. त्यावरचं साल हिजरी, 1362. म्हणजे तेच आपलं 1943. आलेल्या प्रत्येकाला बोट ठेवून वाचून दाखवायलेत!"

"अन् मोबाईलवर म्हणतात, जुन्या नाण्याला लाख-लाख रुपये मिळतात?"

"कुठले लाख! भोकाचे पैसे 47 पर्यंत कोट्यवधी पाडलेत. ह्यांनी कादराबादेत मोडवाल्याकडून भांड्यांच्या भावानं, तोलून आणलेत. लाखाचा फोन येतो ना, तो आधी आपल्याकडूनच फी मागतो. रिझर्व्ह बँकेनं 2021 ला बजावलंय तसं. आमच्या नणंदेचा जावई भरूनच बसला असता पैसे, पोरीनं फोन हिसकला म्हणून वाचला."

"तो? बँकेत आहे ना तो?"

"तोच! कुणाला बोलू नका बरं का."

"छे हो, मी कशाला बोलते. पण आमच्या जुन्या पेटीत पाहते आता, करदोट्यातला असंल तर."

"सापडला तर माझ्याकडं द्या, ह्यांना सांगू नका. बघायला म्हणून येतील अन् तुमचे तीन चहा होतील."