शिफारशीचा मामला

राग ओळखण्याच्या कौशल्यावर माझी जी काही सामाजिक प्रतिष्ठा उभी होती, ती हल्लीच्या ॲपांनी, गायकाने षड्ज लावण्यापूर्वीच रागाचे नाव ठळक अक्षरांत पडद्यावर झळकावून, बिनबोभाट जप्त केली आहे. मैफलीत आलाप सुरू होताच शेजाऱ्याच्या कानाशी लागून ‘नट कामोद’ असे पुटपुटण्यात जो ब्रह्मानंद होता, तो आता कोणत्याही अरसिकाला घरबसल्या उपलब्ध आहे. शिवाय हे यंत्र माझ्या श्रवणाचा रोजनामचा ठेवून नव्या संगीताची परस्पर शिफारसही करते. मात्र त्याची तजवीज अशी, की विलंबित आणि द्रुत यांचे वेगवेगळे तुकडे पाडून, पंगतीत मठ्ठा आधी आणि वरणभात मागाहून वाढावा तसे, ते प्रथम द्रुत ऐकवते, मग कसलीशी जाहिरात, आणि मग सावकाश विलंबिताकडे वळते.

येथे मला गौहरजानची आठवण होते, आणि ती झाली की मला आवरणे कठीण जाते. 1902 साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग नामक साहेबाने तिचे गाणे तबकडीवर उतरवले, तेव्हा जेमतेम तीन मिनिटांत गाणे आटोपून ही मानी बाई शेवटी आपले नाव चक्क इंग्रजीत ठणकावून सांगत असे. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिराला कोणती तबकडी कोणाची हे कळावे, असा त्यामागचा हिशेब सांगतात. हिशेब व्यवहाराचा असेल; मला मात्र त्या घोषणेत ‘हिंमत असेल तर विसरून दाखवा’ असा दरारा ऐकू येतो. तिच्या साथीदारांची नावे तेव्हाही कुणी पुकारली नाहीत, आणि आज, जागेची ददात नसलेल्या यंत्रातही, ज्याने तासभर इमानेइतबारे ठेका धरला त्या तबलजीच्या वाट्याला पुष्कळदा एक ओळदेखील येत नाही. विनोद बाजूला ठेवून सांगतो, याचा मला संताप येतो.

यंत्राच्या शिफारशीत दुसरी उणीव अशी, की तिच्यापायी कुणाचीही अब्रू पणाला लागत नाही. माझ्या भाचीचे तसे नाही. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेवरून ती राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाकडे गेली, ज्याच्यासह भट्टांना 1994 साली ग्रॅमी मिळाले होते, आणि कूडरचा माग काढत माली देशातल्या आली फार्का तूरेपर्यंत पोचली. ते वादन मला पाठवताना तिने ताकीद दिली, “मामा, चौथ्या मिनिटातली जागा ऐक. आणि कृपा करून राग सांगू नकोस.” मी अर्थातच सांगितला: धानी. तूरे 2006 साली निवर्तला. आपण जन्मभर धानी वाजवत होतो, ही वार्ता बिचाऱ्याच्या कानी गेलीच नाही.

जागा मात्र अस्सल होती. मी दाद देईपर्यंत भाची फोनवर श्वास रोखून होती. पूर्वी नवी तबकडी घेऊन येणारे मित्र सुई टेकवून असेच माझ्या तोंडाकडे टक लावून बसत, आणि त्यांच्या त्या अधीरपणामुळेच, नावडलेले गाणेही दुसऱ्यांदा ऐकण्याची बुद्धी मला होत असे.

परतफेडीदाखल मी तिला मल्लिकार्जुन मन्सूरांचा शिवमत भैरव, योग्य त्या प्रस्तावनेसह, रवाना केला. उलट टपाली सवाल आला, “कितवं मिनिट?” तेव्हापासून कागद-पेन्सिल घेऊन ऐकतो आहे. मन्सूरांनी आवर्तनागणिक नवा हक्कदार उभा केल्यामुळे निकाल तूर्त राखून ठेवला आहे.