बाटली तीच, चिन्ह तेच

बंद पडलेल्या गिरण्यांसाठी मोर्चे निघतात, बंद पडलेल्या शाळांसाठी निवेदनं जातात, बंद पडलेल्या मासिकासाठी निदान एक शोकसभा तरी होते. बंद पडलेल्या आफ्टरशेव्हसाठी या महाराष्ट्रात कोणी कधी चहासुद्धा उकळला नाही. पुरुषाला शोक करायची परवानगी क्रिकेट आणि पेट्रोल या दोनच विषयांवर आहे. गालाच्या वासावर तो बोलू लागला की घरचे रक्तदाब मोजायचं यंत्र काढतात.

माझं आफ्टरशेव्ह बंद झालं. नाव लिहीत नाही. उत्पादन बंद असलं तरी कंपनीचे वकील सुरू आहेत. ग्राहक सेवा केंद्राला कळवळून पत्र टाकलं, तर उत्तर आलं की कंपनी ग्राहकांच्या बदलत्या आवडीनिवडींचा आदर करते. माझी आवड जागची हललेली नव्हती. बदललेले ग्राहक दुसरेच कोणी असावेत, आणि आदर त्यांचा चालला होता.

मग पर्याय शोधणं आलं. मॉलमध्ये एक दाढीवाला तरुण आफ्टरशेव्ह विकत होता. हनुवटीला वस्तरा लागून या मुलाला जमाना झाला असावा. मी लवंग, लिंबाची साल आणि ओलं लाकूड असं वर्णन केलं. त्याने निळ्या बाटलीतलं काहीतरी कागदाच्या पट्टीवर उडवलं आणि म्हणाला, "काका, सेम टू सेम." मूळ वास त्याने जन्मात घेतलेला नव्हता, तरीही सेम. हल्ली आत्मविश्वासाला पुरावा लागत नाही. नंतर त्याने बाम दाखवला, जेल दाखवलं, बिअर्ड ऑइल दाखवलं आणि शेवटी 'अल्कोहोल फ्री' दाखवलं. अल्कोहोलविना आफ्टरशेव्ह म्हणजे तर्रीविना मिसळ; तब्येतीला उत्तम असेल, पण त्यासाठी सकाळी उठायचं कोणी? ती चरचर, तो दातांतून निघणारा 'स्स्स', हाच तर दिवस सुरू झाल्याचा भोंगा.

मोहम्मद अली रोडवरचा अत्तरवाला त्यापेक्षा कितीतरी सच्चा. त्याने डोळे मिटून ऐकून घेतलं, छोट्या कुप्यांतून दोन-तीन वास मनगटावर टेकवले आणि म्हणाला, "साहब, वो तो नहीं मिलेगा. कूल वॉटर ले जाओ, सब ले जाते हैं." सगळ्या शोधात 'मिळणार नाही' असं म्हणणारा हा एकच भेटला. घरी आलो तर सौ. म्हणाल्या, "अहो, तुरटी फिरवा. मामंजींनी जन्मभर तीच फिरवली." मुद्दा बिनतोड होता. तुरटी रक्त थांबवते, कातडी आवळते, आणि तिला ब्रँड मॅनेजर नसल्यामुळे ती कधी बंद पडत नाही.

वास मरतात ते बहुतेकदा युरोपात. पुरुषी सुगंधांचं एक मोठं घराणं ओकमॉसवर उभं आहे. ते ओकच्या झाडावर वाढणारं शेवाळवजा प्रकरण. आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातलं. त्यातल्या ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉल या दोन रेणूंनी काहींच्या कातडीला ॲलर्जी होते, म्हणून 2021 पासून युरोपच्या बाजारातून ते हद्दपार झाले. ओकमॉस वापरा, पण हे दोघे जवळजवळ पूर्ण काढून. म्हणजे पक्षात घ्यायचं, पण दात पाडून. त्याच वेळी लायरल हे सुगंधी रसायन गेलं. 1 मार्च 2022 पासून लिलिअल गेलं. त्याने प्रजननक्षमतेला बाधा येऊ शकते असा ठपका होता. माझ्या वयाला ही जोखीम परवडण्यासारखी आहे, पण ब्रसेल्सहून कोणी विचारायला आलं नाही.

कंपन्यांना यातून आयतं निमित्त मिळतं. घटक महाग झाला, कायदा आला, नवा साहेब आला, की आतला रस्सा बदलायचा आणि बाटलीवर 'नवीन, सुधारित' असं छापायचं. नाव राहतं, चिन्ह राहतं, रंग राहतो. महाराष्ट्रातल्या मतदाराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

उदाहरण ओल्ड स्पाइसचं. अमेरिकेतल्या शुल्टन कंपनीने 1937 साली हा वास आणला तो बायकांसाठी. पुरुषांचा पुढच्या वर्षी आला, बाटलीवर शिडाचं जहाज घेऊन. आपल्याकडे तो दूरदर्शनवर एका सर्फरच्या फळीवरून आला. मागे संगीतकार कार्ल ऑर्फचं समूहगान गर्जत असे. ती जाहिरात पाहून दादर चौपाटीवर कोणी लाटेवर चढल्याचं ऐकिवात नाही, पण बाटल्या खपल्या. 1990 मध्ये शुल्टनचा हा ब्रँड प्रॉक्टर अँड गॅम्बलने घेतला. पुढे अमेरिकेत काचेची बाटली जाऊन प्लास्टिकची आली, आणि वासही पातळ झाला अशी जुन्या शौकिनांची कुरकुर सुरू झाली. भारतात मात्र तो परवान्यावर मेनेझिस कंपनीची मंडळी बनवत होती, काचेच्या बाटलीत. हा माल जुन्या वासाच्या जास्त जवळ आहे, असं अमेरिकेतल्या शौकिनांनी ठरवलं आणि आपल्या आजोबांचा अमेरिकन वास ते भारतातून मागवू लागले. स्वदेशीचा एवढा मोठा विजय झाला आणि आपण एक पेढासुद्धा वाटला नाही.

आता सांगा, खरी ओल्ड स्पाइस कोणाची? नाव आणि जहाज ज्याच्याकडे आहे त्याची, की वास ज्याच्याकडे राहिला त्याची? हे प्रकरण निवडणूक आयोगापुढे गेलं असतं तर निकाल काय लागला असता, हे मी पैज लावून सांगू शकतो. आयोगाने बाटलीवरचं लेबल वाचलं असतं, भागभांडवल कोणाकडे किती ते मोजलं असतं आणि जहाज देऊन टाकलं असतं. हुंगून बघण्याची तरतूद कायद्यात नाही.

वास जपण्याच्या बाबतीत फ्रेंच लोक पुढे आहेत. व्हर्सायला 1990 पासून ऑस्मोथेक नावाचं सुगंधांचं संग्रहालय आहे. हजारो सुगंध तिथे 12 अंश तापमानात, बाटलीतल्या हवेऐवजी आर्गॉन वायू भरून जपले आहेत, आणि त्यांतले शेकडो बाजारातून कधीच नाहीसे झालेले. 1882 सालचं 'फुजेर रॉयाल', ज्याच्यापासून सलूनमधला तो ओळखीचा पुरुषी वास सुरू झाला, तिथे मूळ कृतीनुसार बनवून ठेवलंय. तिथे फक्त हुंगता येतं. गालाला लावून ऑफिसला जाता येत नाही. आपल्याकडे असं संग्रहालय निघालं तर आधी अध्यक्षपदावरून दोन गट पडतील, हे मान्य. तरी निघावं.

तोवर वाचकांना विनंती. घरात वडिलांची, काकांची जुनी बाटली असेल तर ती बाथरूमच्या खिडकीत उन्हात ठेवू नका. ऊन आणि दमट हवा वासाचे पहिले वैरी. बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये लोणच्यापासून लांब ठेवा. आणि बाटली हिरवी, चौकोनी असेल, आत लवंगेचा वास येत असेल, तर या वृत्तपत्राच्या पत्त्यावर माझ्या नावे कळवा. अर्धी भरलेली असली तरी पूर्ण किंमत देईन.