मास्तरांचे तळपाय

येलदरी कॅम्पातल्या पेटीमास्तरांना कुणी 'तब्येत काय म्हणते?' असं विचारलं, की ते पाय पुढे करतात. रक्तदाब, साखर, दमा असल्या किरकोळ गोष्टींची चौकशी त्यांना आवडत नाही. तळवा मऊ असला की तब्येत ठणठणीत. टाचेला भेग पडली की घरात दुखवटा. कारण मास्तर पायपेटी वाजवतात, आणि पायपेटी बोटांनी वाजते हा जगाचा मोठा गैरसमज आहे, असं त्यांचं ठाम मत आहे. "बोटं नुसती सूर दाखवतात," ते म्हणतात, "वाजवतो तो पाय."

येलदरी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात. पूर्णा नदीवरचं इथलं धरण १९६८ साली पुरं झालं. त्याच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचं वीजघर आणि शेजारी धरणावर राबलेल्या माणसांची वसाहत, म्हणजेच कॅम्प. मास्तरांचे वडील बांधकामावर मुकादम म्हणून आले आणि इथेच राहिले. मास्तरांनी धरणाच्या दरवाजांवर नोकरी केली. 'मास्तर' हे बिरुद शाळेचं नव्हे, पेटीचं. ते शाळेत फारसे टिकले नाहीत. त्याचं कारणही पायच होतं असं सांगतात. शाळेची वाट सराट्यांची होती.

त्यांची पायपेटी मोडीत निघालेल्या एका हौशी नाटक मंडळाकडून आलेली. आतले रीड जर्मन आहेत, हे ते पेटी उघडण्याआधी सांगतात, वाजवताना सांगतात आणि बंद करतानाही सांगतात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपल्याकडे सगळे अभिमानाने मिरवतात. पण ती एकाच वाद्यात खरी झालेली बघायची असेल तर येलदरीला यावं लागतं: रीड जर्मनीचे, पाय परभणीचा.

पायपेटीला दोन पॅडल. एक खाली जातं तेव्हा दुसरं वर येतं, त्यामुळे भात्यातला वारा तुटत नाही. हातपेटीवाल्याचा एक हात जन्मभर भात्याला जुंपलेला असतो, पायपेटीवाल्याचे दोन्ही हात मोकळे. दाब वाढवला की सूर फुगतो, कमी केला की मावळतो. अलेक्सांद्र दबँ या पॅरिसच्या कारागिराने १८४२ साली पेटंट घेतलं ते याच पायाच्या पेटीचं. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांसाठी हातपेटी घडवली. मास्तर हा इतिहास थोडक्यात सांगतात: "तिचे पाय कापले!" हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज असा लागतो की ऐकणाऱ्याने नकळत आपले पाय जवळ ओढून घ्यावेत.

रोज रात्री जेवणं झाली की मास्तर ओट्यावर काशाची वाटी घेऊन बसतात. तळव्याला तूप लावायचं आणि वाटी गोल गोल फिरवायची. काळं येईस्तोवर घासायचं. काळं आलं म्हणजे अंगातली उष्णता निघाली. परभणीच्या मे महिन्यात ही उष्णता संपता संपत नाही, त्यामुळे तूपही पुरत नाही. "आमच्या देव्हाऱ्यातल्या निरांजनाला कधी एवढं तूप मिळालं नाही," असं मास्तरीणबाई आल्यागेल्याला ऐकवतात. शनिवारी वज्री आणि कोमट पाणी. भेगांना आमसुलाचं तेल. उन्हाळ्यात तळव्यांना मेंदी. लाल तळव्यांचे मास्तर ओट्यावर पाय पसरून बसले की नवख्याला वाटतं, घरात लग्न आहे.

वाजवायला ते अनवाणी बसतात. त्याआधी वाकून दोन्ही पॅडलला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा आणि मग त्याच जागेवर पाय ठेवायचा. ज्या देशात वाद्याला चुकून पाय लागला तरी माणूस कानाची पाळी धरतो, तिथे वाद्यावर तास-तासभर पाय मारायचे म्हणजे परवानगी घ्यायलाच हवी. चप्पल घालून पॅडल दाबणारा माणूस मास्तरांच्या लेखी कलावंतच नव्हे. मोजे घालणाऱ्याला मात्र ते थोडी सवलत देतात. "मोज्यात पाय झोपतो, पण पाप लागत नाही."

अनवाणी वाजवण्यातही कटकटी कमी नाहीत. उन्हाळ्यात घामाने तळवा पॅडलवरून घसरतो. थंडीत लाकूड गार पडतं, चवड्याला मुंग्या येतात. पावसाळ्यात मंडपापर्यंत येताना जिंतूर तालुक्याची अर्धी काळी माती बोटांच्या बेचक्यांत बसलेली असते. यावर मास्तरांनी पुष्कळ संशोधन केलं. पॅडलवर आधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला, तो तळव्याला चिकटायला लागला आणि दर मात्रेला पच्‌ पच्‌ असा तिसराच ठेका ऐकू येऊ लागला. मग गोणपाट लावलं, त्याने खाज सुटली. शेवटी फार मऊ, फार मुरलेलं असं एक कापड त्यांना सापडलं आणि सूर एकदम खुलला. ते मास्तरीणबाईंच्या ठेवणीतल्या लुगड्याचा पदर होतं, हे बाईंना गौरींच्या दिवशी कळलं. त्या वर्षी गौरीपुढचं भजन पेटीशिवाय झालं.

मंडपात येताना त्यांच्यासोबत एक पिशवी असते. तिच्यात टॉवेल, पावडरचा डबा, वज्री आणि खोबरेलाची बाटली. अभंगांची वही शेजाऱ्याच्या पिशवीत. पायपेटीला बसायला स्टूल लागतं. हरिनाम सप्ताहात वीणेकरी, टाळकरी सगळे जमिनीवर उभे आणि मास्तर एकटे उंचावर बसलेले, यावरून दरवर्षी कुणीतरी कुरकुर करतं. मास्तर शांतपणे सांगतात, "म्या वर बसलो नाही, बाप्पा. माझे पाय खाली बसलेत."

मंडपाच्या दाराशी काढलेल्या चपलांच्या राशीजवळ ते थोडं रेंगाळतात. चोरीची भीती म्हणून नव्हे, अंदाज घ्यायला. पायताणावरून गाणारा ओळखण्याची विद्या त्यांना साधली आहे असा त्यांचा दावा आहे. नवी कोल्हापुरी घालून आलेला बुवा लय धरणार नाही, कारण त्याचं सगळं लक्ष अंगठ्यापाशी. रबरी स्लीपरवाला खालच्या पट्टीत गाणार. बूट घालून आलेला भाषणच करणार. यातलं एखादं भाकीत खरं ठरलं की ते पुढच्या सप्ताहापर्यंत पुरतं. खोटं ठरलेल्यांचा हिशेब मृदंगवाला ठेवतो.

स्वतःच्या चुकांचंही पायात उत्तर असतं. अंतऱ्यात बोट भलत्या पट्टीवर पडलं तर "भोवरी ठणकली". पट्टी चढी लागली तर "पोटरीत गोळा आला". एकदा अख्खा अभंग काळी चारऐवजी काळी पाचात वाजला. बुवांच्या डोक्याच्या शिरा ताठ झाल्या, पण मास्तर निर्विकार. "पायाला मुंगी चावली, म्हणून घाई झाली." मुंगीचा आणि पट्टीचा संबंध काय, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

संगीत नाटकांच्या इतिहासावरही त्यांचा राग आहे. बालगंधर्वांचे शालू, त्यांची अत्तरं, त्यांचं कर्ज, सगळं लिहून ठेवलंय. तबल्याला थिरकवाँ होते, ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे होते, हेही लिहिलंय. "पण हरिभाऊ पायात काय घालत होते, ते एकानं तरी लिहावं की नाही?" मास्तर विचारतात. "नाटक रातभर चालायचं. रातभर त्या माणसाचे पाय चालायचे. काय इतिहास लिहिता ओ तुमी?"

पेटीवरचा जुना कलंकही त्यांना डाचतो. पेटीत सूर ठोकळ्यासारखे एकेक, एकातून दुसऱ्यात घसरता येत नाही. म्हणजे मींड नाही, श्रुती नाहीत. म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं, ते १९७१ च्या सुमारास किलकिलं झालं. मास्तर यावर एरवी बोलत नाहीत. जखम जुनी आहे.

अशा माणसाला त्यांच्या पुण्याच्या पुतण्याने दिवाळीत मोबाइलवर पेडल स्टील गिटार दाखवली.

चार पायांवर आडवी ठेवलेली गिटार, एका फळीवर दहा तारा. वाजवणाऱ्याच्या डाव्या हातात लोखंडी कांडी, ती तारांवर घसरते. खाली पॅडलांची ओळ आणि वर दोन्ही गुडघ्यांना लागून दांडे. डाव्या पायाने पॅडल दाबलं की खालच्या सळया ठरावीक तारा ताणतात, वाजत असलेला सूर तसाच वर चढतो. पाय उचलला की उतरतो. उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॅडलवर. मूळ घसरती गिटार हवाई बेटांची, पॅडल तिला अमेरिकेत लागले. १९५४ साली वेब पियर्स या गायकाच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने सूर वाजत असतानाच पॅडल दाबलं, आणि त्या वळणासाठी तिकडचे गिटारवाले वेडे झाले.

"काका, हे सूर पायाने ओढतात," पुतण्या म्हणाला.

मास्तर बराच वेळ बोललेच नाहीत. चहावर साय धरली. मग हळूच म्हणाले, "मींड? पायानं?"

पुतण्याने मान हलवली. मास्तरांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. "दहा तारा हायेत. आपल्या धरणालाबी दहा दरवाजे. सगळे एकदम उचलायचे नसतात. कोणतं, किती, हे पायाला कळलं पाहिजे." एवढ्यात कॅमेरा खाली गेला आणि त्यांचा चेहरा बदलला. "अरे, हा बूट घालून वाजवायलाय!"

पुतण्याने घाईघाईने दुसरा व्हिडिओ लावला. त्यातला वादक नुसत्या मोज्यांवर होता. मग त्याने काकांना तिकडची भानगड समजावली. पॅडल म्हणजे लोखंडी अरुंद पट्ट्या, शेजारी शेजारी. रुंद बूट असला तर एक दाबताना दुसरी दबते. बऱ्याचदा दोन मुद्दाम एकत्र दाबायच्या असतात, नाहीतर घोटा कलता करून एकीवरून दुसरीवर जायचं असतं, तेव्हा जाड तळाखाली काही उमगत नाही. म्हणून काही जण पातळ तळाचे जोडे घालतात, काही मोज्यांवर बसतात. अनवाणी बसावं तर पट्टी तळव्यात रुतते. शिवाय बूट काढला की टाचेची उंची जाते, गुडघा खाली येतो आणि वरचा दांडा लांब राहतो. पुन्हा सगळं वाद्य जुळवून घ्या.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. "म्हणजे तिकडंबी आपलेच लोक हायेत," ते म्हणाले. त्यांनी लगेच दोन सल्ले सांगितले: लोखंडावर जुन्या लुगड्याचा पदर गुंडाळावा आणि रात्री काशाची वाटी फिरवावी. पुतण्याने ते अमेरिकेला कळवलेले नाहीत.

मग पुतण्याने आपल्याकडची गिटार ऐकवली. ब्रिजभूषण काब्रांनी हीच घसरती गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' १९६७ ची. विश्वमोहन भट्टांना मोहनवीणा या त्यांच्या बदललेल्या गिटारवरच्या अल्बमसाठी १९९४ साली ग्रॅमी मिळालं. दोघांच्याही वाद्याला पॅडल नाही. सगळी मींड हाताची. परदेशी गिटार आपल्याकडे आली ती दाराशी जोडे काढून मांडी घालून बसली. मास्तरांनी दाद दिली, पण मोकळेपणाने नव्हे. "चांगलं वाजवतात," ते म्हणाले. "पण पायाला काहीच काम ठेवलं नाही."

तेव्हापासून अभंग वाजवताना मास्तरांचा उजवा गुडघा मधेच बाहेर सरकतो, जणू तिथे दांडा आहे. पेटीचा सूर जिथल्या तिथेच असतो. मास्तरांचा चेहरा मात्र षड्‌जावरून रिषभावर घसरत जातो. टाळकऱ्यांना ते सोयीचं झालं आहे. सम जवळ आली की गुडघा आत येतो.

आता न्यायाने सांगायचं तर मास्तर फार मोठे वादक नाहीत. त्यांची बोटं सावकाश चालतात आणि नवी चाल त्यांना दोन एकादश्या गेल्याशिवाय बसत नाही. पण तालुक्यातला कुठलाही भजनी बुवा विचारा, तो एक गोष्ट कबूल करेल: मास्तर पेटीवर असले की खालचा सूर तुटत नाही. बुवा दमतो, खोकतो, अभंग विसरतो, माइक जातो, लाइट जाते. सूर असतो. बोटांचं नाव होतं खरं, पण दोन तास वारा धरून ठेवणं हे काम तळव्याचं, आणि त्या तळव्याच्या लाडाला हसणाऱ्यांनी एकदा तासभर पॅडल मारून बघावं.

म्हणून ज्यांना आपल्या गावच्या सप्ताहात मास्तर हवे असतील त्यांनी बिदागीची घासाघीस करू नये, कॅम्पापासून रिक्षाचं भाडं द्यावं. न डुगडुगणारं स्टूल, बादलीभर पाणी आणि कोरडं गोणपाट तयार ठेवावं. मंडपाच्या वाटेवरचे सराटे आधी झाडून घ्यावेत. आणि भजन संपल्यावर 'पेटी छान वाजली' असं मुळीच म्हणू नये. 'मास्तर, आज पाय काय लागला!' असं म्हणावं. पुढच्या वर्षी ते न बोलावता येतील.