बेगमीवाले काका

बेगमीवाल्या काकांना घरात काडेपेट्या किती आहेत असं कधी विचारू नये. ते आकडा सांगून थांबत नाहीत, स्टूल आणून माळ्यावरून डबा खाली काढतात. पत्र्याचा डबा, त्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डझनाचे पुडे आणि ओल धरू नये म्हणून मध्ये मध्ये तांदळाच्या पुरचुंड्या. शेगडी बटण फिरवलं की पेटते, ओट्यावर दोन लायटर आहेत, काकांनी जन्मात विडी ओढलेली नाही आणि देवापुढच्या निरांजनाला वर्षभरात लागून लागून काड्या लागणार तरी किती? हा हिशेब त्यांच्यापुढे मांडला की एकच उत्तर येतं, "असू द्या, लागतील." काका कुठले हे सांगायला नको. नाशिकच्या इंदिरानगरचे असोत, गंगापूर रोडचे की जेलरोडचे, ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले असोत, प्रेसमधून की पाटबंधारे खात्यातून, काका एकच. जिन्यात भेटले की तब्येतीच्या आधी "गहू भरले का?" विचारतात आणि नाही म्हटलं की आपल्या मुलाबाळांची कीव करतात. पुढचे दिवस काही खरे नाहीत, हा त्यांचा सिद्धान्त. १९९९च्या डिसेंबरात संगणकांचं साल फिरणार नाही म्हणून ते खरे नव्हते, २०१२च्या डिसेंबरात माया लोकांचं कॅलेंडर संपलं म्हणून खरे नव्हते, आणि मधल्या बारा वर्षांत सवय म्हणून खरे नव्हते.

काकांना सगळे जण भविष्याच्या काळजीनं पोखरलेला माणूस समजतात. त्यांचाही स्वतःबद्दल तोच समज आहे. माळा मात्र वेगळंच सांगतो. तिथे भविष्याचं काहीही नाही. वर्षाचे गहू आहेत ते १९७२च्या दुष्काळामुळे, कारण लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी ज्यांनी लहानपणी खाल्ली, त्यांची जीभ पन्नास वर्षांनीही रिकामा डबा सहन करत नाही. कंदील आणि मेणबत्त्या आहेत त्या २००५ नंतरच्या लोडशेडिंगमुळे. एकलहऱ्याला औष्णिक वीजकेंद्र असलेल्या शहरानं अंधारात काढलेली ती वर्षं. महत्त्वाची कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून सर्वांत वरच्या फळीवर आहेत ती १९ सप्टेंबर २००८च्या महापुरामुळे, घर तिसऱ्या मजल्यावर असलं तरी. गॅलरीत निळे ड्रम आहेत ते पाणीकपातीमुळे, डाळीच्या डब्याच्या तळाशी शंभराच्या नोटा आहेत त्या नोटाबंदीमुळे, आणि औषधाच्या खणात ऑक्सिमीटर आहे, त्याचे सेल मात्र गळलेले. अजून न आलेल्या संकटासाठी घेतलेली एकही वस्तू या घरात सापडणार नाही. काका पुढच्या नव्हे, मागच्या संकटाची तयारी करतात, आणि ती इतकी चोख करतात की तेच संकट जसंच्या तसं पुन्हा आलं तर त्याची खैर नाही. अडचण एवढीच की संकटं तशी येत नाहीत.

पुरावा म्हणून एकटं २०१६ साल पुरेसं आहे. काकांच्या आयुष्यातलं ते सुवर्णवर्ष. एप्रिलमध्ये गोदावरीवरचं रामकुंड कोरडं पडलं. आदल्या वर्षी गंगापूर-दारणेचं पाणी जायकवाडीला सोडण्यावरून आंदोलनं झाली होती, तेव्हापासून काका ड्रम भरत होते. २ ऑगस्टला त्याच गोदावरीला असा पूर आला की दुतोंड्या मारुती पाण्यात गेला, आणि वर्षभर पाणी जमवणाऱ्या माणसाला पाण्याचं काय करावं कळेना. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. अडीअडचणीला म्हणून काकांनी ठेवलेली सगळी रोकड नेमकी पाचशेंच्या नोटांत होती, मोजायला सोपं जातं म्हणून. ज्या नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये त्या दिवसांत पाळ्या लावून नोटा छापल्या जात होत्या, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारे काका एटीएमच्या रांगेत उभे होते. दुष्काळ, पूर आणि चलनाचा दुष्काळ, तिन्ही एका वर्षात, एका शहरात. तिन्हींत काडेपेटीचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.

काडेपेटीचा दिवस उजाडला तो ५ एप्रिल २०२० रोजी. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावायचं आवाहन पंतप्रधानांनी केलं होतं. गॅसच्या लायटरनं वात पेटत नाही हे आधुनिक कुटुंबांना कळलं ते पावणेनऊला. त्या पंधरा मिनिटांत काकांच्या दाराची बेल जितक्या वेळा वाजली असेल तितकी त्यांच्या मुलीच्या लग्नातही वाजली नसेल. मास्क लावून, अंतर राखून, एका घराला एक पेटी. आणि वहीत नोंद. त्यावर कळस म्हणजे १ डिसेंबर २०२१ पासून काडेपेटीची किंमत चौदा वर्षांनी वाढली, एका रुपयाची दोन रुपये झाली. शेअर बाजारात पैसे घालणाऱ्या जावयाला काकांनी हा शंभर टक्के परतावा किती वेळा ऐकवला, हे जावईच जाणे. पेटीतल्या काड्याही तेव्हाच ३६च्या ५० झाल्या, म्हणजे खरी वाढ निम्म्याहून कमी, हे जावयानं दाखवून दिलं. काकांनी नेहमीचं उत्तर दिलं. पुढे ७ मे २०२५ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नरचीही नावं आली, आणि काकांच्या चेहऱ्यावर तेज चढलं: युद्ध, अंधार, काडेपेटी! पण ब्लॅकआऊटचा नियम असा की उजेडाची तिरीपही बाहेर दिसता कामा नये. माणसानं अंधाराची तयारी करावी आणि अंधारानं काडी ओढायला बंदी घालावी, यापरता दैवदुर्विलास नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो: हसणं ठीक आहे, पण अशा लोकांमुळेच टंचाई होते. हा आक्षेप नाशिक जिल्ह्यात तरी टिकत नाही. निफाड, येवला, चांदवडकडचा उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, कांदाचाळीत पडून राहतो आणि थेट दिवाळीपर्यंत थोडा थोडा लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात येतो. तो कोणी साठवलाच नसता तर एप्रिलमध्ये मातीमोल झाला असता आणि सप्टेंबरात औषधालाही मिळाला नसता. तरी भाव चढले की दिल्लीला साठ्याचीच आठवण होते. २०१९ला निर्यातबंदीबरोबर व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा आली, २०२३च्या डिसेंबरात पुन्हा निर्यातबंदी. प्रश्न साठवण्याचा नसून कधी साठवता याचा असतो. सुगीत, माल मुबलक असताना पोतं घेणारा माणूस बाजारावर उपकारच करतो. टंचाई करतो तो २४ मार्च २०२०च्या रात्री, लॉकडाऊनचं आठचं भाषण संपायच्या आत पिशव्या घेऊन धावलेला माणूस. त्या रात्री काका गॅलरीत उभे राहून रस्त्यावरची पळापळ बघत होते. चेहऱ्यावरचं समाधान जरा असह्य होतं, हे मान्य. पण रांगेतला एक माणूस त्यांच्यामुळे कमी झाला होता.

या समाधानात काकांचा वाटा किती, हेही तपासायला हवं. काका मोजतात, वहीत लिहितात आणि स्टुलावर चढतात. टिकवतात काकू. एप्रिल-मेच्या उन्हात गहू वाळवून, निवडून, तळहाताला एरंडेल लावून मुठी मुठीनं चोळायचा. तांदळाला बोरिक पावडर, तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे, कोठीत कडुनिंबाचा पाला. मग कुरडयांचा चीक, पहाटे उठून, ऊन चढायच्या आत गच्चीवर. शिवाय जुनं आधी आणि नवं मागून वापरायचं, हे तंत्र काकूंना कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राशिवाय येतं. त्या नसत्या तर काकांच्या बेगमीला दुसऱ्याच पावसाळ्यात टोके लागले असते. समाज कोसळणार आहे असं काकू कधी म्हणत नाहीत. पापड संपत आलेत, असं म्हणतात.

खरा आक्षेप पुढेच आहे, आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. बेगमी करायला माळा लागतो, आणि एकरकमी पैसा लागतो. ७२च्या दुष्काळात गावोगाव माणसं उपाशी राहायची वेळ आली ती कोठीत दाणे भरायचे राहिले म्हणून नव्हे. शेत करपलं, मजुरी बुडाली, हातात पैसा उरला नाही म्हणून. त्यांना तारलं ते दुष्काळी कामांनी. मे १९७३मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं खडी फोडत, रस्ते बांधत आणि पाझर तलाव खणत होती, आणि त्यातूनच रोजगार हमीचा १९७७चा कायदा आला. दुष्काळात माणूस मरतो तो अन्न नसतं म्हणून नव्हे, ते विकत घेण्याची ताकद संपते म्हणून, हे अमर्त्य सेन यांनी १९८१च्या पुस्तकात मांडलं. काकांनी वाचलं असतं तर त्यांना झोप लागली नसती. २०२०च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गानं कसारा घाट चढून नाशिकवरून उत्तरेकडे चालत गेलेल्या मजुरांपैकी कोणाच्याही खोलीला माळा नव्हता. माळा असलेल्यांचीही मर्यादा पुढच्याच वर्षी दिसली. २१ एप्रिल २०२१ला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि २०हून अधिक रुग्ण गेले. प्राणवायू डब्यात भरून ठेवता येत नाही. तिथे व्हॉल्व्ह तपासणारा माणूस लागतो, आणि तो घरात ठेवता येत नाही, शहराला ठेवावा लागतो. काकांची तयारी कोसळत्या समाजासाठी आहे असं ते म्हणतात. ती चालते मात्र समाज बऱ्यापैकी उभा असेपर्यंतच. सिलिंडर वेळेवर येतोय, नळाला एक वेळ का होईना पाणी आहे, एवढं गृहीत धरूनच त्यांचे गहू शिजतात.

मग काकांची चेष्टा करून मोकळं व्हावं, तर तिथे मला अडायला होतं. कारण या शहरात मागचं लक्षात ठेवणारं दुसरं आहे कोण? २००८च्या पुरानंतर गोदाकाठी पूररेषा आखली गेली, आणि तेव्हापासून तिच्यावर चर्चा चालते ती, रेषा कुठे कुठे मागे सरकवता येईल याचीच. नारोशंकराच्या घंटेपर्यंत आणि दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी आलं की नाशिककर पुलावर गर्दी करतात, फोटो काढतात आणि ओसरल्यावर त्याच जागी पुन्हा गाळे उघडतात. २०१६ गेलं, २०१९ला पुन्हा सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलं. या सगळ्याची तारीखवार नोंद एकाच वहीत आहे, आणि ती काकांच्या उशाशी असते. स्वीडनच्या सरकारनं २०१८मध्ये देशातल्या जवळपास ४८ लाख घरांना संकटकाळची तयारी सांगणारी पुस्तिका पाठवली, तिच्या यादीत टिकाऊ अन्न, पाणी, बॅटरीवरचा रेडिओ आणि हो, काडेपेटीसुद्धा होती. आपल्याकडे ते काम सरकारनं काकांवर सोडलंय, आणि मोबदल्यात त्यांच्यावर हसायची मुभा आपल्याला दिलीय.

वहीत एक चूक मात्र आहे, आणि ती काकू दर वर्षी बघून सोडून देतात. गव्हाचा, तेलाचा, डाळीचा सगळा हिशेब सहा माणसांचा आहे. घरात माणसं दोन. मुलगा हिंजवडीत, मुलगी न्यू जर्सीत. मे महिन्यात मुलाची गाडी आली की सहाव्या हिश्श्याचे गहू, कुरडया आणि कांद्याची अर्धी गोणी डिकीत जाते. सून नको नको म्हणते, मग जागा करून देते. बाकीचं पुढच्या वर्षी शेजाऱ्यांत वाटलं जातं, आणि कोठी पुन्हा सहा जणांची भरली जाते. सध्या काकांनी २०२७च्या सिंहस्थाची तयारी काढलीय. गर्दी होणार, रस्ते बंद होणार, दूध मिळणार नाही, असं ते जिन्यात सांगतात, २००३च्या चेंगराचेंगरीचा दाखला देतात, आणि २०१५ला बंदोबस्तामुळे पहिल्या पर्वणीला रस्ते उलट ओस पडले होते हे सोयीनं विसरतात. दूध पावडर अजून घेतलेली नाही. गाद्या तेवढ्या पिंजून आणल्यात, चार.