टायटॅनिकची काटा-पावती

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की भनपुरी येते. आधी ट्रक दिसतात, मग ट्रकांच्या मागचे ट्रक दिसतात, आणि त्यांच्याही मागे कुठेतरी वस्ती असणार असं आपण धरून चालायचं. पुढे उरला, सिलतरा, स्पंज लोखंडाच्या भट्ट्या, सळ्या, अँगल. आमचा आतेभाऊ इथे मालवाहतुकीची गादी चालवतो. गादी पूर्वी खरोखरची होती; आता फिरती खुर्ची आली, तरी लोक गादीच म्हणतात.

त्याच्या चिरंजीवांनी सहा महिन्यांचा डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स केला. प्रमाणपत्र लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलंय. उदबत्ती दोघांनाही दाखवतात.

"काय शिकलास रे?" मी विचारलं.

"टायटॅनिक, काका."

मला वाटलं, पोरगं सिनेमाबद्दल बोलून राहिलं. पण तसं नव्हतं. ८९१ प्रवाशांची एक यादी असते. त्यातलं कोण वाचलं, कोण बुडालं, हे संगणकाकडून ओळखून घ्यायचं. १९१२ साली एकदाच बुडालेलं हे जहाज आता क्लासाक्लासांत सकाळच्या बॅचला एकदा आणि संध्याकाळच्या बॅचला एकदा बुडतं. महानदीपलीकडे मोठं पाणी न पाहिलेल्या पोरांना पहिल्या वर्गाच्या बाया जास्त का वाचल्या, हे तोंडपाठ आहे.

मग फुलं. आयरिस नावाच्या फुलाच्या तीन जाती, प्रत्येकीचे ५० नमुने, पाकळ्यांची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये. संख्याशास्त्रज्ञ फिशरसाहेबांनी ही आकडेवारी १९३६ साली वापरली, तेव्हापासून ती फुलं कोमेजलेलीच नाहीत. भनपुरीत फूल दिसतं ते दसऱ्याला ट्रकच्या तोंडावर बांधलेलं झेंडूचं, आणि त्याची पाकळी कुणी मोजत नाही. मग १९७४ च्या एका अमेरिकन मासिकातल्या ३२ मोटारी, मैल दर गॅलन. मग बोस्टनच्या वस्त्यांमधल्या घरांच्या किमती, ५०६ ओळी. वस्तीत कृष्णवर्णीय किती, यावरून घराचा भाव काढणारा एक रकाना त्यात होता, म्हणून पायथनच्या प्रसिद्ध सायकिट-लर्न संचातून ती यादी २०२२ च्या डिसेंबरात काढून टाकण्यात आली. क्लासच्या नोट्सना हे अजून कळलेलं नाही.

एकदा मात्र 'इंडियन' डेटा आला म्हणून वर्गात आनंदीआनंद झाला. ७६८ बायांच्या मधुमेहाच्या नोंदी. एका मुलीने विचारलंसुद्धा, की सर, यात आपल्या दुर्गच्या किती? चार दिवसांनी उलगडा झाला की या बाया ॲरिझोनातल्या पिमा जमातीच्या. कोलंबसाची चूक भनपुरीत पाचशेहून अधिक वर्षांनी दुरुस्त झाली.

पालकांनी कुरकुर केली, तेव्हा क्लासवाले जागे झाले. आता दारावर नवा फ्लेक्स आहे: 'ज्या देशात नोकरी, त्या देशाचा कोर्स!' भारत बॅचमध्ये सगळीकडे डॉलरच्या जागी रुपयाचं चिन्ह घातलंय. आकडा तोच. त्यामुळे तिथे कॉफी चार रुपयांना मिळते आणि वर्षाचा पगार साठ हजार रुपये असतो (हे दुसरं मात्र नकळत बरोबर आलंय). जर्मनी बॅचची फी दुप्पट. तिथे स्वल्पविरामाच्या जागी टिंब आणि टिंबाच्या जागी स्वल्पविराम द्यायला शिकवतात, आणि २०२४ च्या जूनपासून सुरू झालेल्या तिकडच्या संधी-कार्डाचे गुण कसे मोजायचे ते सांगतात. किमान सहा गुण लागतात. आमच्या चिरंजीवांचे किती होतात, ते त्यांनी सांगितलं नाही. आखात बॅचच्या नोट्समध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे. अमिरातीच्या सरकारने ती २०२२ पासून शनिवार-रविवारवर नेली, पण क्लासचा आठवडा क्लासच्या मालकीचा.

असा तयार झालेला मुलगा बापाच्या गादीवर बसला. बापाने बिल्टीची, म्हणजे रवाना मालाच्या पावत्यांची, वही पुढे सरकवली: "घे तुझा डेटा."

त्या वहीत एकाच ट्रकचा नंबर चार तऱ्हांनी लिहिलेला. वजनकाट्याच्या पावतीवरून उतरवलेलं वजन कुठे टनात, कुठे क्विंटलात. ॲडव्हान्सच्या रकान्यात कधी आकडा, कधी काहीच नाही, कधी 'बाद में'. क्लासात शिकवलेलं, की रिकाम्या जागी सरासरी भरायची. त्याने भरली. ज्या ड्रायव्हरांनी एक पैसा उचलला नव्हता त्यांच्या नावावर आठ-आठ हजारांची उचल चढली आणि भाड्यातून कापलीसुद्धा गेली. दुसऱ्या दिवशी गादीसमोर सात ट्रक आडवे उभे. सरासरी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायला पोरगा बाहेर गेला, तेव्हा मागच्या दाराने त्याला आत ओढून घ्यावं लागलं.

मग त्याने इतरांपासून फार दूर पडणारे आकडे काढून टाकले. आलेख देखणा झाला. गादीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही त्यातच गेलं, कारण त्याचा माल बाकी सगळ्यांच्या मानाने फारच जास्त होता.

तारखांची गंमत शेवटी कळली. संगणकाला अमेरिकन सवय. ५ एप्रिलची बिल्टी ४ मेची झाली, १३ एप्रिलची मात्र तशीच राहिली, कारण तेरावा महिना अमेरिकेतही नसतो. मग ट्रक निघायच्या आधीच माल पोचू लागला. इकडे पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत. टायर फुटून गाडी रात्रभर उभी राहिली की घड्याळ चालूच. हा खरा अभ्यासक्रम, आणि तो कुठल्याच बॅचला नाही.

क्लासला हसायचा हक्क असलाच, तर तो आपल्या मराठी माणसांना. नागपूरकर भोसल्यांचा सुभेदार विठ्ठल दिनकर १७९० मध्ये इकडे आला, त्याने जुनी गडांची घडी मोडून छत्तीसगडचे २७ परगणे पाडले. वर कमाविसदार बसवला, हिशेबाला फडणवीस, गावागावाच्या आकारणीचे कागद बराडपांड्याकडे. या मंडळींना परदेशी पाकळ्या मोजायला कुणी लावलं नव्हतं. धान किती पिकलं आणि त्यातलं नागपूरला किती जाणार, एवढंच विचारलं होतं. रयतेला ते शिक्षण महाग पडलं, ही गोष्ट वेगळी. पण नोकरी आणि शिकवण एकाच गावची होती.

आणि सरकारही मागे नाही. छत्तीसगडने २०१३ मध्ये तरुणांना कौशल्य-प्रशिक्षणाचा चक्क कायदेशीर हक्क दिला: मागितल्यापासून ९० दिवसांत प्रशिक्षण. नोकरी किती दिवसांत, यावर कायदा सभ्यपणे गप्प आहे. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेचं तर कॅगनेच परीक्षण केलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आलेल्या त्या अहवालानुसार लाभार्थ्यांच्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून जास्त ठिकाणी बँक खात्याच्या रकान्यात शून्य, 'नल' किंवा नुसती रिकामी जागा. डेटा साफ करायला शिकलेल्या पोरांना याहून मोठं घरचं काम कुठलं मिळणार? तिथे सरासरी भरू नका म्हणजे झालं.

भनपुरीची वही अखेर सोडवली ती मुंशीजींनी. मॅट्रिक नापास, गादीवर तीस वर्षं. कुठला ड्रायव्हर डिझेल जास्त लिहितो, कुठला 'बाद में' खरोखर बाद में असतो आणि कुठला कधीच नसतो, सगळं डोक्यात. दोन दिवसांत हिशेब लागला. ही बातमी क्लासपर्यंत गेली. संचालक स्वतः आले आणि म्हणाले, भारत बॅचला असाच अनुभवी माणूस शिकवायला हवा. फक्त एक अडचण होती. शिकवायला प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्राला कोर्स.

मुंशीजी सध्या संध्याकाळच्या बॅचला बसतात. परवा फोनवर विचारलं, कसं चाललंय?

"बढ़िया है भैया," ते म्हणाले, "बस इस जहाज़ की काँटा-पर्ची कोई दिखा नहीं रहा।"